रात्रीची मोजणी

बीड जिल्ह्यात एक गाव होतं. गाव वाढत गेलं तशी बाहेरच्या रस्त्यालगतची ज्वारीची रानं एनए झाली, प्लॉट पडले आणि बघता बघता वसाहत उभी राहिली. तिथं शिक्षक राहत, एसटीचे कंडक्टर राहत. दोन कापड दुकानदार होते, ऊसतोडीचा एक मुकादम होता आणि कोपऱ्यावर एका मावशींची पिठाची गिरणी होती. बहुतेकांनी कर्ज काढून घर बांधलं होतं. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, पण दारावर 'मातोश्री' अशी संगमरवरी पाटी होती.

वसाहतीच्या मधोमध अर्ध्या एकराची ओपन स्पेस होती. तिथं गणपतीचं देऊळ बांधायचं ठरलं होतं. विटा येऊन पडल्या होत्या. 'नियोजित गणेश मंदिर' असा बोर्डही उभा होता. वर्गणी मात्र थांबली होती.

एके दिवशी बातमी आली की त्या जागेवर नगरपालिका बेघरांचा निवारा बांधणार. शंभर खाटांचा.

रविवारी संध्याकाळी लिंबाखाली बैठक बसली. इतकी माणसं देवळाच्या वर्गणीलाही कधी जमली नव्हती. वसाहत समितीचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी होते. शिस्तीचे आणि हिशोबाला पक्के. नगरपालिकेचा एक तरुण कारकून फाईल घेऊन आला होता. तो उभा राहून सांगू लागला. थंडीत उघड्यावर माणसं मरू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली राज्यांना निवारे उघडायला लावले. पुढं 2013 मध्ये केंद्राची योजना आली. लाख वस्तीमागं शंभर जणांची सोय करायची, एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसं ठेवायची, माणशी पन्नास चौरस फूट जागा द्यायची.

"ते पुस्तकातलं झालं," कंडक्टर म्हणाला. "आमच्या पोरी रात्री आठला क्लासवरून येतात. रस्त्यावर दिवे नाहीत. तिथं शंभर अनोळखी माणसं. कोण दारू पिऊन येतंय, कोण कुठला, कुणी सांगायचं?"

"आठ दिवसाला पाणी येतं," एक बाई म्हणाल्या. "शंभर माणसांचं पाणी कुठून आणणार?"

कापड दुकानदार प्लॉटच्या भावाबद्दल बोलला. ते त्यानं हळू आवाजात सांगितलं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

मुकादमाचा आवाज मोठा होता. "मी माणसं सांभाळतो, मला ठावं हाय. धा माणसं असली तर माणसं असतात. शंभर झाली की टोळी होती. टोळीला मुकादम लागतो. हितं मुकादम कोण?"

यातलं काहीही खोटं नव्हतं. कारकुनाकडं उत्तर नव्हतं आणि त्यानं तसा आवही आणला नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

एक कॉलेजचा पोरगा उठला. "आषाढात दिंडी मुक्कामाला येते. दोनशे वारकरी आपल्याच ओट्यांवर झोपतात. तेव्हा कुणी आधार कार्ड मागत नाही."

"दिंडी सकाळी हलते," कंडक्टर म्हणाला.

पोरगा खाली बसला.

मग सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर बोलल्या. "शेजारच्या लातूर जिल्ह्यात, हासेगावला, 2009 साली असाच वाद झाला होता. रवी बापटल्यांच्या सेवालयात एचआयव्ही असलेली लेकरं राहत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायला लागली, तर गावानं आपली पोरं शाळेत पाठवायची बंद केली. सेवालय तिथून हललं नाही. ती लेकरं मोठी झाली, त्यांची लग्नंही तिथंच लागली."

"ते रोगाचं होतं, सिस्टर. हे वेगळं आहे."

"रोग वेगळा," सिस्टर म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

शेवटी गुरुजी उठले. "आपण कुणाला हाकलून द्या म्हणत नाही. पण निवारा जिथं बेघर आहेत तिथं बांधावा. स्टँडजवळ बांधा, मोंढ्यात बांधा. आपल्या वसाहतीत बेघर नाहीत."

कारकून म्हणाला, "गुरुजी, पाहणी रात्रीच करावी लागते. दिवसा बेघर माणूस ओळखू येत नाही."

"ते मला सांगू नका. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा एसटी स्टँड माझ्याकडं होतं. कंदिलासारखी बॅटरी घेऊन फिरलोय मी. या हद्दीत मी स्वतः मोजतो. एक जरी बेघर निघाला, तर तुमच्या कागदावर पहिली सही माझी."

टाळ्या वाजल्या. बैठक संपली.

पौषातली थंडी होती. त्या रात्री साडेअकराला गुरुजी कानटोपी घालून निघाले. बरोबर कारकून होता, तो कॉलेजचा पोरगा होता आणि गिरणीच्या मावशी होत्या. बायांची नावं घ्यायला बाईमाणूस पाहिजे, असं म्हणून मावशी आपणहून आल्या होत्या.

पहिल्या दोन गल्ल्या रिकाम्या निघाल्या. गुरुजींनी वहीत दोन शून्यं मांडली.

तिसऱ्या गल्लीत एक बंगला अर्धवट बांधून पडला होता. पार्किंगमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून एक जोडपं दोन लेकरांसह झोपलं होतं. दोघं त्याच बंगल्यावर विटा वाहत होती. स्लॅब पडला की दुसऱ्या बांधकामावर जायचं, हा त्यांचा पत्ता. गुरुजी म्हणाले, "हे कामगार आहेत, बेघर नव्हेत." कारकून नम्रपणे म्हणाला, "कॉलम तसा नाही, गुरुजी. छप्पर स्वतःचं किंवा भाड्याचं आहे का, एवढंच विचारायचं." गुरुजींनी चार नावं लिहिली.

गिरणीमागच्या पत्र्याच्या आडोशाला एक पोरगा पोत्यात पाय घालून बसल्या बसल्या झोपला होता. मावशींनी बॅटरी मारली आणि त्या ओरडल्याच, "अरे, तू? तू तर रोज मला चहा आणतोस!"

"व्हय मावशी. हाटेल धाला बंद होतं. मालक आत झोपू देत न्हाई. तुमच्या मोटारीची भिंत रातभर ऊन राहती."

मावशी वर्षानुवर्षं ती गिरणी चालवत होत्या. मोटारीची भिंत मागच्या अंगानं गरम राहते, हे त्यांना त्या रात्री कळलं.

मग ते ओपन स्पेसवर आले. देवळाच्या विटांचा ढीग होता. त्याला टेकून कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलाथोरला फ्लेक्स तंबूसारखा बांधला होता. आत एक म्हातारा-म्हातारी होती. म्हाताऱ्यानं तीस हंगाम ऊस तोडला होता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता कंबर गेली होती. दोन्ही पोरं उचल घेऊन कोल्हापूरकडं कारखान्यावर गेली होती आणि खेड्यातलं मातीचं घर दोन पावसाळ्यांमागं बसलं होतं.

म्हातारी गुरुजींकडं निरखून बघत होती. "तुम्ही गुरुजी न्हवं का? तुमच्या बाई माझ्याकूनच कोथिंबीर नेतात की. धाला एक जुडी म्हनलं तर दोन मागतात."

पोरगा हसू दाबायला पाठमोरा झाला. गुरुजींनी खाली मान घालून दोन नावं लिहिली.

अशी वही भरत गेली. मारुतीच्या पारावर तिघं होते. एटीएमच्या दारात एक वेडसर बाई होती. तिनं नाव सांगितलं नाही, म्हणून मावशींनी फक्त 'बाई' असं लिहायला लावलं. बंद पडलेल्या रिक्षात आणखी दोघं होते.

दोन वाजता सगळे गेटवर आले. वसाहतीचा वॉचमन शेकोटीपाशी बसला होता. सगळे त्याला मामा म्हणत. वर्गणीतून त्याला पगार मिळायचा. अनोळखी माणूस आत येऊ नये, हे त्याचं काम होतं. मामानं सगळ्यांना शेकायला जागा करून दिली. चहाची किटली पुढं आली.

कारकून थकला होता. सवयीनं त्यानं विचारलं, "मामा, तुमचं घर कुठं?"

"हितंच की."

"इथं म्हणजे?"

"हितंच, गेटावर. दिवसा पारावर पडतो. सणासुदीला पारावर गर्दी असली की मग स्टँडवर."

गुरुजी म्हणाले, "मामा, तुम्ही तर पाडळीला घर आहे म्हणाला होता."

"हुतं. भावानं वाटून घेतलं. सहा वर्सं झाली." मामानं काटकी शेकोटीत सारली. "सांगितलं असतं तर तुम्ही ठेवलं असतं का कामावर? ज्याला घर न्हाई त्याच्या हाती कुणी गेट देतं व्हय?"

गुरुजी थोडा वेळ बसून राहिले. मग त्यांनी चौदावं नाव लिहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. गुरुजींनी आकडा सांगितला नाही. त्यांनी यादी वाचली. मावशींना चहा आणणारा. देवकरांच्या बंगल्यावर विटा वाहणारे दोघं आणि त्यांची लेकरं. आमच्या घरी कोथिंबीर देणारी. शेवटी त्यांनी मामाचं नाव घेतलं.

"हे काय गुरुजी!" कंडक्टर म्हणाला. "मामा कशाला बेघर? मामा आपला माणूस आहे."

"मग नाव खोडायचं का?" मावशींनी विचारलं.

कुणी बोललं नाही. मामा गेटवर होता, हे त्यातल्या त्यात बरं.

गुरुजींनी कागदावर पहिली सही केली. म्हणून बाकीच्यांनी लगेच केली, असं नाही. तीन तास हुज्जत चालली आणि ती चालायलाच हवी होती. शंभराऐवजी पन्नास खाटा मागायच्या, कारण नियमात तेवढ्या बसतात. दार गल्लीकडं न ठेवता मोठ्या रस्त्याकडं ठेवायचं. बाया आणि लेकरं वेगळ्या दालनात. बोअर आधी, भिंती मागून. रस्त्याचे दिवे त्याहून आधी. देखरेखीच्या समितीत वसाहतीतली चार माणसं, त्यांत दोन बाया. कोपऱ्यातला तुकडा गणपतीला राहू द्यायचा. मामाचा प्रश्न तेवढा अडला. रात्री जागणारा माणूस रात्रीच्या निवाऱ्यात झोपणार कधी? कारकुनानं फाईल चाळून सांगितलं की निवारा चोवीस तास उघडा ठेवायचा, असंच कागदात आहे. मामा दिवसा झोपेल.

कापड दुकानदारानं सही केली नाही. त्यानं प्लॉट विकला. भाव फार पडला नव्हता, असं ऐकलं.

काम लगेच झालं नाही. टेंडरात काही महिने गेले. तोवर थंडीभर समाजमंदिराची किल्ली मावशींकडं राहिली. सतरंज्या सिस्टरनी जमवल्या. चौदातले नऊ जण आले. एटीएमची बाई आलीच नाही. तिच्यासाठी कॉलेजचा पोरगा रोज रात्री एटीएमच्या दारात घोंगडी ठेवून यायचा. सकाळी कधी घोंगडी असायची, कधी नसायची.

या वसाहतीला कुणी निष्ठुर म्हणू नये. पाण्याची भीती खरी होती, पोरींची काळजी खरी होती. पण पहिल्या बैठकीत सगळे ज्या शंभर जणांना भीत होते, ते कुठूनतरी बाहेरून येणार होते. दिवसा ज्यांच्या हातचा चहा प्यायचा, ज्यांच्याकडून भाजी घ्यायची, त्यांचं दिवस मावळल्यावर काय होतं, हे विचारायचं राहून गेलं होतं. निवारा बांधल्यानं वसाहतीत बेघर येणार नव्हते. ते आलेले होते आणि कामाला लागलेले होते. गुरुजी एक रात्र फिरले, एवढाच काय तो फरक.

दसऱ्याच्या सुमारास निवाऱ्याला पत्रे चढले. टोळ्या निघायचे दिवस होते. एका संध्याकाळी मुकादम गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पल काढावी की न काढावी, असं चाललं होतं त्याचं.

"गुरुजी, माझ्या टोळीतल्या चार कोयत्यांची म्हातारी माणसं मागं राहतात. पाडव्यापतूर त्यांना कुणी बघत न्हाई. निवाऱ्यात घेता येतील का?"

"त्यांना घरं आहेत ना?"

"हायती. पर घरात कुणी न्हाई."

"नियमात बसत नाही ते," गुरुजी म्हणाले. "आणि पन्नासच खाटा आहेत. तुम्हीच म्हणाला होता, जास्त झाली की टोळी होते."

"म्हनलो हुतो," मुकादम म्हणाला. "म्हनून तर आलो. बोलवा बैठक."