दोन्ही चौदाचेच म्हणे!

"सर, दोन्ही चौदाचेच आहेत." हे तू बोललास. आयटीआयला दोन वर्षं मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला, प्रमाणपत्र फ्रेम करून गॅरेजात टांगलेला माणूस हे बोलला. पंक्चरच्या दुकानातलं पोरगं बोललं असतं तर त्याला जवळ बसवून समजावलं असतं. तुला समजावणार नाही, ऐकवणार आहे. तो मोबाइल ठेव खिशात.

चौदा कशाचे? रिमचे. टायरच्या आतल्या भोकाचं माप झालं ते. रस्त्याला भोक टेकतं का? पुढे डावीकडे काय चढवलंयस, वाच. मोठ्यानं. 175/65 आर 14. उजवीकडे? 165/80 आर 14. आता पहिल्या वर्षाला फळ्यावर मांडायचो तो हिशेब मांड. 165 चे 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटरची भिंत. ती वर एक, खाली एक, मध्ये 355.6 चं रिम. झाले 619.6. डावीकडे 175 चे 65 टक्के, 113.75, त्याची दुप्पट अधिक रिम. झाले 583.1. साडेछत्तीस मिलिमीटरचा फरक, आणि तो एकाच एक्सलवर, समोरासमोरच्या चाकांत! एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात खडाव घालून तू ती स्विफ्ट गिऱ्हाइकापुढे उभी केलीस.

या फरकाचं आत काय होतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून जास्त राग येतो. मोठं चाक एका किलोमीटरला साधारण 514 फेरे घेतं, तुझं ते बुटकं 546. गाडीचं वजन पडल्यावर आकडे थोडे हलतील, फरक हलणार नाही. बत्तीस फेरे जास्त, दर किलोमीटरला. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत पाच हजारांच्या वर. हा जास्तीचा फेरा कोण पचवतं? डिफरन्शियल. त्यातल्या छोट्या गिअरांना वळणावर फिरायचं काम दिलंय, सरळ रस्त्यावर त्यांनी निवांत बसायचं असतं. तू त्यांना सरळ रस्त्यावरही अखंड फिरवतोयस. गिअर झिजणार, ऑइल तापणार, आणि वर्षभरानं तो माणूस "गिअरबॉक्समधून आवाज येतोय" म्हणून कुणाच्या दारात जाणार? बहुधा तुझ्याच. तेव्हा तू त्याला बिल लावणार.

ब्रेकचंही ऐक. दोन्ही चाकांवर कॅलिपर सारख्याच ताकदीनं आवळतो, पण लहान चाकाची त्रिज्या कमी, म्हणून रस्त्यावर त्याची पकड जास्त बसते आणि गाडी त्या अंगाला खेचते. कोरड्या रस्त्यावर हात सावरून घेतो. आषाढातल्या कसारा घाटात, उतारावर, पुढे ट्रकचा लाल दिवा दिसल्यावर सावरेल का? एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालंय. ते एबीएस चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघत असतं. अशा गाडीत हा उद्योग केलास तर त्या सेन्सरांनाही चकवशील. फोर-बाय-फोरमध्ये तर करूच नकोस, ट्रान्सफर केसच हातात येईल.

आणि वजन. 165/80 वर 85 हा आकडा असतो: एका टायरनं 515 किलो उचलायचे. तुझ्या त्या डाव्या, टॅक्सीवरून उतरवलेल्या टायरवर 82 आहे, म्हणजे 475. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीनं स्टिकर चिकटवलाय, माप आणि हवेचा दाब दोन्ही छापून. तो वाचायला पैसे पडत नाहीत.

इथपर्यंत मी याला आळस म्हटलं असतं. पण पुढे तू जे केलंस त्याला आळस म्हणत नाहीत. गाडी डावीकडे ओढायला लागली, तर तू टायर बदलला नाहीस. अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन "स्टिअरिंग सरळ करून दे" म्हणालास. दुखणं तसंच ठेवून त्याचं लक्षण पुसलंस. उद्या नव्या मालकानं योग्य टायर घातले की बिचाऱ्याचं स्टिअरिंग वाकडं दिसणार, आणि त्याला वाटणार आपलंच काही चुकलं. टायरांना पॉलिश फासलंस. फोटो काढलेस ते सगळे उजव्या बाजूनं. गाडी उभी केलीस ती डावं अंग भिंतीला लावून. हे सगळं आपोआप झालं काय रे?

गिऱ्हाईक बघत नाही, म्हणतोस. त्याला बघता येत नाही, गाढवा! तो शाळामास्तर आहे, त्याला टायरच्या कडेचे आकडे वाचायला कुणी शिकवलेलं नाही. तुला शिकवलंय. सरकारनं तुझ्या आयटीआयच्या वर्कशॉपला इंजिनं आणून दिली, आम्ही घसा कोरडा केला, तो तू हे आकडे वाचावेस म्हणून. दुसऱ्याला ते दिसणार नाहीत अशी गाडी लावायला नव्हे. 1872 च्या करार कायद्याचं सतरावं कलम वकिलाला विचार. दोष ठाऊक असताना जाणूनबुजून झाकणं त्यात कपटात मोडतं. पण मी तुला कायद्याची भीती घालत नाही. टायरसाठी कुणी कोर्टात जात नाही, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. त्यावरच तर तुझा धंदा चाललाय.

पैशांचं रडगाणं नको. दोन टायरचे आठ-दहा हजार जातील आणि विक्रीच्या भावात तेवढे वाढून मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. खरं आहे ते. तेवढे पैसे तुझे जाणार. जाऊ देत.

मागच्या जोडीवर मी फार ओरडत नाही. 185/70 आहेत, पण दोन्ही सारखे, व्यास मूळ मापापेक्षा पाचच मिलिमीटर कमी, आणि नक्षी अजून झीज दाखवणाऱ्या उंचवट्याच्या बरीच वर. कायद्याला 1.6 मिलिमीटर लागते, इथे चांगली चार तरी असेल. चालतील. मात्र स्टिकरवर हे माप नाही, हे मास्तरला तोंडानं सांगायचं आणि विक्रीच्या कागदावर लिहायचं.

पुढचे दोन्ही उतरव. उजवा योग्य मापाचा आहे म्हणून तो ठेवून फक्त डावा नवा घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर तो इथेच टाक. अर्धा झिजलेला आणि कोरा यांची जोडी होत नाही. 165/80 ची नवी जोडी आण, एकाच कंपनीची, एकाच नक्षीची, आयएसआयचा शिक्का बघून. आणि ती मागे लाव. तोंड उघडू नकोस, मला माहीत आहे तू काय म्हणणार: पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून नवे टायर पुढे. सगळं गाव असंच करतं. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटलं तर ड्रायव्हरला हातात कळतं, तो पाय काढतो. मागचं सुटलं तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. मागचे 185 पुढे आण. बॅलन्सिंग कर. अलाइनमेंट पुन्हा कर, पण या वेळी कंपनीच्या आकड्यांवर, आणि त्याची छापील चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेव. मास्तरला फोन करून सांग की बयाना दिला असला तरी गाडी दोन दिवस मिळणार नाही. का, तेही सांग.

आणि डिकीतल्या स्टेपनीकडे असा चोरून बघू नकोस. मूळ मापाची आहे, कधी जमिनीला लागलेली नाही, नक्षी कोरी आहे. तीच डावीकडे चढवावी असं तुझ्या मनात येऊन गेलं, मी बघितलं. तिच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच. 0914. दोन हजार चौदाचा नववा आठवडा. बोटानं दाब, कडेला भेगा दिसतील. तीही भंगारात जाईल. म्हणजे तीन टायर आणायचेत, दोन नव्हे. दुकान आठला बंद होतं.