त्रिकोणातील हिंसा

कीटकनाशकाच्या डब्यावर एका कोनावर उभा केलेला जो चौकोन छापलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा असावा, याचा बंदोबस्त १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी करून ठेवला आहे. आणि त्या बंदोबस्ताच्या तळाशी उंदरांचे मरण आहे. एका समूहातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतील ती मात्रा शोधण्याची रीत ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने १९२७ साली औषधांची तीव्रता मोजण्याकरिता सांगितली. ती देहाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आत भरली की त्रिकोण लाल, ५०० च्या आत भरली की पिवळा. यवतमाळकडच्या कापूस पिकविणाऱ्यांस परिचित असलेल्या मोनोक्रोटोफॉसचा त्रिकोण लाल आहे.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या चौदाव्या कलमाने असे प्रयोग वैध ठरविले असून मनुष्यांच्या व प्राण्यांच्याच नव्हे, तर वनस्पतींच्या रोगनिवारणासाठीही ते करण्यास मुभा दिली आहे. पुढे सतराव्या कलमात शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्य तेथे बधिरता आणून करण्याची तरतूद आहे. पण विषपरीक्षेत शस्त्रक्रियाच नसते, म्हणून या तरतुदीच्या आसऱ्यातून उंदीर बहुधा निसटून जातो. तो निर्बुद्ध यंत्र आहे असे म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. शिकागो येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की नळीत कोंडलेल्या सोबत्याला सोडविण्यासाठी उंदीर दार उघडावयास शिकतो आणि शेजारी चॉकलेट ठेवले तरी पुष्कळदा त्यातले काही त्याच्यासाठी राखतो. (हे सिद्ध करण्यासाठीही एका उंदराला कोंडावेच लागले.)

तेव्हा विधीने मान्य केलेल्या वधाचेही पाप लागते काय, हा प्रश्न जुनाच आहे. यज्ञातील पशुवध विधिविहित असल्याने पाप नव्हे, असे मीमांसक म्हणत. सांख्यांचे म्हणणे निराळे होते. यज्ञाचे फळ खरे, परंतु वधाचे पापही खरे; ते फळात मिसळून येते आणि प्रायश्चित्ताने धुवावे लागते. मला सांख्यांचा पक्ष अधिक प्रामाणिक वाटतो, कारण प्रयोगशाळेला तो निर्दोषही ठरवीत नाही आणि तिला टाळेही ठोकीत नाही. तो तिच्या नावे येणे मांडून ठेवतो.

२०१७ च्या खरिपात हे येणे किती थकले होते ते यवतमाळ जिल्ह्यात दिसले. त्या वर्षी कपाशी कित्येक ठिकाणी डोक्याच्याही वर वाढलेली, हवा दमट, पंपाचा फवारा परतून तोंडावर येणारा, आणि बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकाच पंपात कालविलेली. अशा मिश्रणाविषयी एकेका डब्यावरील त्रिकोण काहीच सांगत नाही. वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांत रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतात फवारणाऱ्या मजुरांचा भरणा मोठा होता. पंप भरून पाठीवर चढविला गेला म्हणजे डबा बांधावर राहतो. ज्याच्या जीवाच्या रक्षणार्थ उंदरांचा जीव घेतला, त्याच्या दृष्टीस त्रिकोण पडतच नाही, आणि पडला तरी बारीक टाइपातील मजकूर वाचावयास त्याला सवड कोण देतो?

मीमांसकही कबूल करतील, की अंगवैगुण्य, म्हणजे विधीच्या एखाद्या अंगात उणीव, राहिल्यास यज्ञ निष्फळ होतो. येथे शेवटचे अंगच गळाले. वध झाला, आकडा निघाला, रंग छापला, आणि फळ मात्र पोहोचले नाही. मग उरली ती निव्वळ हिंसा. वैज्ञानिकाला दोष देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही, कारण मेलेल्या उंदराचा लाभ औषध बनविणारी कंपनी, ते विकणारा दुकानदार, मंजुरी देणारे दप्तर आणि शेतमालक या सर्वांनी घेतलेला असतो.

ओईसीडी या संस्थेने ट्रेव्हनची जुनी परीक्षा २००२ साली आपल्या मार्गदर्शिकांतून काढून टाकली आणि थोड्या प्राण्यांत काम भागविणाऱ्या रीती पुढे आणल्या. हे उत्तमच झाले. परंतु आजवर गेलेल्या जीवांचे प्रायश्चित्त त्याने होत नाही. ते करावयाचे तर पंप भरण्याआधी हातमोजे आणि तोंड झाकणारे साधन मालकाने पुरवावे, आणि डब्यावरचा रंग काय व तो का, हे मजुराला त्याच्या बोलीत सांगावे. झरी-केळापूरकडचा कोलाम आदिवासी असेल तर कोलामीत.