काळ्या मोटारीवरील ओरखडे

काळी मोटार सावलीत निर्मळ दिसते; उन्हात आणताच तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे प्रगट होतात. ते बहुधा धुळकट फडक्याने पुसणाऱ्या धन्याच्याच हाताने पडलेले असतात. मेण लावल्याने ते काही दिवस झाकतात, पण मेण धुपले की पुन्हा दिसतात. खरा उपाय म्हणजे वरचे पारदर्शक रोगण किंचित घासून सपाट करणे. परंतु ते रोगण सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. ते वारंवार घासणे सोसत नाही. बंधूचे मनही तसेच नाजूक असते, आणि आम्ही मळक्या फडक्यानेच त्याचे दोष पुसावयास धावतो! यास्तव आपले पाप झाकू नये, प्रभूच्या प्रकाशात आणावे. आणि बंधूस हात लावण्यापूर्वी आपले फडके धुवावे.