तळावरचा टाळ



क्रोधाविषयी आपण कीर्तनात पुष्कळ ऐकतो. काम, क्रोध, लोभ हे वैरी आहेत, त्यांना जिंका, असे बुवा सांगतात. आपण माना डोलावतो आणि मंडपाबाहेर पडताच चपलांवरून भांडतो. उपदेशात खोट नाही. पण वैरी जिंकायचा तर आधी तो ओळखावा लागतो, आणि तेथेच आपले घोडे अडते. राग आला एवढेच आपल्याला कळते. तो कोणाचा हात धरून आला, हे आपण पाहत नाही.

माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत, त्यांना पुण्याहून सासवडचा टप्पा सांगायला नको. वारीतली ती सर्वांत मोठी चाल, वर दिवेघाटाची चढण, आणि तिथी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे पोटात उपास. घाट चढेपर्यंत सगळे ठीक असते. संध्याकाळी मुक्कामावर राहुटीची दोरी कोणाच्या जागेत आली, पाणी आधी कोणी भरले, यावरून शब्दाला शब्द लागतो. दोघेही वर्षानुवर्षे एका टाळाला टाळ लावून चाललेले! आता हा राग का दोरीचा? तो पायांच्या फोडांचा आहे, भुकेचा आहे, झोप न झाल्याचा आहे. माणसाने त्या घटकेला स्वतःशी एवढे जरी म्हटले, की बाबा, मी दमलो आहे, तरी निम्मे भांडण तिथल्या तिथे विझते. दुसरा राग अपमानाचा असतो, तिसरा भीतीचा. तिन्हींचे तोंड सारखे दिसते, पण औषध वेगळे. दमलेल्याला अंथरूण द्यावे, भ्यालेल्याला धीर द्यावा. अपमान झालेल्याला मात्र या दोन्हींनी बरे वाटत नाही. त्याचे ऐकून घ्यावे लागते.

अपमानाचे दुःख कोणालाही होते. ताटीच्या अभंगांची कथा आपल्या परंपरेत घरोघरी ठाऊक आहे. लोकांचे टोचून बोलणे जिव्हारी लागले आणि ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले. योग्यांचा राजा, पण मन दुखावले! काही जण ही कथा सांगताना बिचकतात, जणू तिने माउलींना उणेपणा येतो. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला दुखतच नाही, त्याने दुसऱ्याचे दुखणे जाणावे कशाने?

आणि पाहा, ताटी उघडायला आली कोण? सर्वांत धाकटी मुक्ताई. तिने दार मोडले नाही, 'एवढ्याशा गोष्टीला काय धरून बसलास' असेही झिडकारले नाही. ती बाहेर उभी राहिली. संत कसा असतो, जग तापले तर त्याने पाण्यासारखे कसे व्हावे, हे भावाला सांगत राहिली, आणि पुन्हा पुन्हा विनवीत राहिली. शिकवण होती, पण विनवणीच्या पोटात होती. आणि आत बसलेल्या थोराने धाकटीचे ऐकले! आम्हांस या कथेतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. आपल्याकडे दिंडीचा मालक धाकट्या टाळकऱ्याचे ऐकतो का? सासरा सुनेचे ऐकतो का?

एका दिंडीत आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण माणसे हयात आहेत. पखवाजावर एक तरुण होता. चालता चालता त्याचा ठेका दोनदा सुटला. दिंडीचे मालक, वयाने आणि अधिकाराने मोठे, भर दिंडीत कडाडले. 'जमत नसेल तर उतरव गळ्यातून!' पोरगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी हात मेल्यासारखा चालला. अभंग उभाच राहीना. मालक म्हणू लागले, हल्लीच्या पोरांना बोललेले सोसत नाही. तेव्हा डोईवर तुळस घेतलेली एक म्हातारी पुढे झाली नि म्हणाली, 'अहो बाबा, त्याच्या तळपायाची साल निघालीय. रातभर कण्हत होता. तुम्हांला ठावं नव्हतं, ते खरं. पर चारचौघांत कशाला बोललासा?'

मालक गप्प झाले. दुपारच्या विसाव्याला ते उठून त्या पोराजवळ गेले. आता आपल्या पंथात मोठी सोय अशी, की कोणी कोणाच्याही पाया पडावे. वय नाही, जात नाही, मान नाही. मालकांनी तसेच केले आणि पोरगाही वाकला. पण नुसते पाया पडून उठले असते, तर आम्ही ही गोष्ट येथे लिहिली नसती. पाया पडणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात मन असतेच असे नाही. ते खाली बसले. म्हणाले, 'पाय दाखव.' आणि 'कालचं माझं बोलणं तुला कुठं लागलं, ते सांग.' पोराने सांगितले. मार लागला तो बोलण्याचा नव्हता. पहिल्यांदाच वारीला आलेली त्याची आई मागे चालत होती आणि तिने ते ऐकले होते. मालकांच्या हे स्वप्नातही आले नसते. विचारल्याशिवाय कळण्याजोगे ते नव्हतेच.

विचारायला जाण्याची ही रीत मोठ्या सोहळ्यात पूर्वीपासून घालून दिलेली आहे. शिंदे सरकारच्या पदरी सरदारकी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्या छायेत आजही रथापुढे 27 आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या चालतात. एवढ्या जनसमुदायात कुरबुरी होणारच. त्यांचे काय करायचे? संध्याकाळी तळावर पालखी मध्ये येते, सभोवती दिंड्या उभ्या राहतात, समाजआरतीची वेळ होते. चोपदार दंड उंच करतो. हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. ओरडत नाही, शिव्या देत नाही, रुसून तळ सोडून जात नाही. त्या शांततेत तेवढा एकच टाळ ऐकू येतो. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्याची वाट लावतात, आणि टाळ थांबतो. नंतर आरती.

यात शिकण्यासारखे काय, ते नीट पाहा. तक्रार करणाऱ्याला कोणी गप्प बसवत नाही. बाकीचे गप्प होतात, म्हणजे त्याचे ऐकू येईल. दंड ज्याच्या हाती, तोच चालत जातो. दुखावलेल्याला 'इकडे ये' म्हणून बोलावीत नाही. आणि आरती त्याच्यासाठी खोळंबते. लाखांच्या मेळ्यात एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी देवाची आरती थांबते, मग पुढारीपण कशाला म्हणतात हे आणखी कोणत्या पोथीत शोधायचे? हैबतबाबांना आळंदीच्या महाद्वारात जागा मिळाली ती पायरीची, आणि नामदेवरायांना पंढरीत मिळाली तीही पायरीचीच. नामदेवरायांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविले, तेव्हा तेही फार दुखावले होते. पण रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, आणि पुढे त्यांची वाणी पंजाबापर्यंत पोचली.

तळावरचे हे शहाणपण घरी नेताना मात्र आपली गाठोडी सुटतात. पंढरीहून परतलेला माणूस दिंडीत सर्वांना 'माउली' म्हणतो आणि घरात बायकोला नावाने नव्हे, 'ए' म्हणून हाक मारतो. घरात चोपदार नाही, दंड नाही, टाळ वाजवीत राहण्याची सोय नाही. तेथे भांडी वाजतात. स्वयंपाकघरात पातेले जरा जोरात आदळले, की 'काय आदळआपट चालली आहे!' असे आपण ओसरीवरून ओरडतो. अहो, तोच तर टाळ! त्या वेळी हातातली पोथी मिटावी, उठून आत जावे आणि 'काय झालं?' म्हणून विचारावे. 'काही नाही' असे उत्तर येईल. तरी लगेच बाहेर येऊ नये. पाटावर थोडा वेळ बसावे. लसूण सोलायचा असेल तर सोलावा.