सुरी आधी हातात शोभू द्या, मग कमरेला

पोट्टेहो, ही कानउघाडणी आहे आणि ती तुम्हाला गोड लागणार नाही. बोरच्या जंगलात मुक्कामाला जायचं तुम्ही परस्पर ठरवलं, त्यासाठी सुऱ्या मागवल्या आणि आता त्या कमरेला लटकवून अल्लीपूरच्या बसस्टँडवर फोटो काढत फिरता. तुमच्यातल्या एकाने तर गावाबाहेरच्या कडुलिंबावर सुरी फेकून मारायचा सराव चालवला आहे. खोडावरच्या खाचा मी जाऊन पाहिल्या. त्यांतून डिंक वाहतो आहे. ते झाड तुम्ही लावलं नाही, वाढवलं नाही, आणि त्याच्या सावलीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलंही नाही. हे आजपासून बंद.

आता त्या सुरीबद्दल. ती मी हातात घेऊन नीट पाहिली. काळं पातं, वितीहून लांब. पाठीवर करवतीसारखे दात. मूठ पोकळ, तिच्या टोपणात होकायंत्र आणि आत काड्या, गळ, दोरा. अशा सुऱ्यांचं वेड 1982 साली आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’ या सिनेमाने जगभर पसरवलं आणि तुमच्या जन्माआधीचं ते वेड तुम्ही आज पैसे मोजून विकत घेतलं. एक ना धड भाराभर चिंध्या. त्या दातांनी लाकूड कापलं जात नाही, पातं लाकडात अडकतं. पाठीला दात असल्यामुळे जोर द्यायला तिथे अंगठा ठेवता येत नाही. आणि मूठ पोकळ म्हणजे पातं आत गेलेलंच नाही. ते तोंडाशी एका बोल्टवर नाहीतर चिकटवणीवर उभं आहे. बांबूच्या पेरात रुतवून जरा पिळलं की सुरी नेमकी तिथेच मोडेल, आणि तुटलेलं पातं कुठे जाईल हे त्या क्षणी कोणाच्याच हातात नसेल.

मिटता चाकू न घेता सुरी घेतली, एवढी एकच गोष्ट तुम्ही बरोबर केली. जोर लावताना मिटता चाकू बोटांवर मिटू शकतो, सुरी मिटत नाही. पण सुरी म्हणजे कोणतीही सुरी नव्हे. घेण्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी स्वतःला विचारलं का, की मी हिच्याने काय कापणार आहे?

रानात सुरीला काम असतं ते असं. दोरी कापणे. रोडग्यांसोबतच्या भाजीची वांगी चिरणे. बांबूची कामटी काढणे, तंबूच्या खुंट्यांना टोक करणे. पावसात भिजलेल्या लाकडाची साल आणि वरचा थर काढून आतला कोरडा गाभा उघडा करणे, आणि त्या गाभ्याचे कागदासारखे पातळ, गुंडाळलेले छिलके काढणे, म्हणजे एका काडीत विस्तव धरतो. यातल्या एकाही कामाला वीतभर पातं लागत नाही. कॅनडात आयुष्यभर रानविद्या शिकवलेले मॉर्स कोचान्स्की सांगत, की पात्याची लांबी आपल्या तळहाताच्या रुंदीइतकी असावी. थोडी जास्त चालेल, म्हणजे साधारण 4 ते 5 इंच. त्याहून लांब पात्याचं टोक हातापासून दूर जातं आणि बारीक कामात ताबा सुटतो. जाड लाकूड तोडायचं असेल तर घरी कुऱ्हाड आहे, झुडूप छाटायला विळा आहे. सुरीकडून कुऱ्हाडीचं काम करून घ्यायचा हट्ट जो धरतो, त्याने दोन्ही अवजारं ओळखलेली नाहीत.

पात्याची जाडी पाठीकडे 3 मिलिमीटरच्या आसपास पुरते. तुमच्या त्या सुरीची जाडी त्याच्या जवळपास दुप्पट आहे. तिने वांगं चिरून पाहा. चिरलं जाणार नाही, फाटेल. पाठ सरळ आणि काटकोनी कडांची हवी. चकमकीच्या कांडीवर ठिणगी पाडायची ती त्या कडेने, धारेने नव्हे. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं हवं आणि मुठीच्या दोन्ही फळ्या रिबिटांनी आरपार जखडलेल्या हव्यात. विकत घेताना मुठीकडून सुरी उभी धरून पाहा. दोन फळ्यांच्या मधे पोलादाची पट्टी टोकापर्यंत दिसली पाहिजे.

मूठ हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि जखमा मुठीमुळे होतात. ती गोल नसावी, लांबट अंडाकृती असावी. गोल मूठ हातात फिरते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तळहाताला किती घाम येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्यानातली सुरी ओल्या हाताने मुठीला धरा, डोळे मिटा आणि धार कोणत्या बाजूला आहे ते नुसत्या मुठीवरून सांगा. सांगता आलं नाही तर ती सुरी दुकानातच ठेवा. आपल्याकडे अवजारांच्या दांड्यांना बाभूळ वापरतात, कुऱ्हाडीला धावडा. अशा लाकडाची मूठ जवसाच्या तेलाचे दोन-चार हात दिले की वर्षानुवर्षं टिकते. गुळगुळीत वार्निश मारलेली मूठ दिसायला चांगली आणि घामात निसरडी.

पोलादाबद्दल तुम्ही मला पात्यावर छापलेली अक्षरं दाखवलीत. अक्षरांनी धार टिकत नाही. पोलादात कार्बन पुरेसा आहे का आणि त्याला पाणी नीट दिलं आहे का, एवढ्यावर धार टिकते. साधं कार्बनचं पोलाद चटकन धार घेतं, पण आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंजतं. पुसून तेलाचा हात फिरवायचा आळस असेल त्याने ते घेऊ नये. स्टेनलेस गंजायला वेळ लावतं, पण हलक्या दर्जाचं असेल तर धार धरत नाही, आणि कठीण असेल तर नवशिक्याच्या हाताने पुन्हा धार आणता येत नाही. तुमच्यासाठी पहिली सुरी साध्या कार्बन पोलादाची असावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती तुम्हाला रोज पुसायला लावेल, आणि तुम्हाला तेवढ्याच सवयीची गरज आहे.

पोलाद तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चांगली कानस घ्या आणि धारेपाशी हलक्या हाताने एकदा फिरवा. कानस घसरून गेली तर पात्याला पाणी आहे. कानशीने पोलाद खाल्लं, कीस निघाला, तर ते मऊ लोखंड आहे. तुमच्या काळ्या सुरीवर मी हे तुमच्यादेखत केलं. कीस निघाला. तुमच्यातला एकही जण त्यावर काही बोलला नाही.

आणि माझा खरा राग कशावर आहे, ते ऐका. मोबाईलवर ऑर्डर देण्याआधी तुम्ही खात्याच्या, म्हणजे आपल्या लोहाराच्या, भात्यापाशी एकदा तरी उभे राहिलात का? ट्रकच्या कमानीची जुनी पाटी हे उत्तम पोलाद. खाती ती लालभडक तापवतो, ऐरणीवर ठोकून पातं ओढतो, पुन्हा तापवून विझवतो. विझवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं; पडलं तर तुकडा उडेल. म्हणून तो एक बाजू घासून पांढरी करतो आणि पाठीकडून मंद आचेवर धरतो. त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत येतात: आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा रंग धारेशी पोचला की तो लगेच पुन्हा बुडवतो. धार कठीण राहते, पाठ चिवट होते. क्षणभर उशीर झाला तर निळा रंग धारेवर येतो आणि सुरी कामातून जाते. हे सगळं तो नजरेने करतो, अंधाऱ्या छपरात, कारण उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही. तळहाताएवढं पातं आणि बाभळीची मूठ सांगून त्याच्याकडून करून घेतली असती, तर तुमच्या त्या खेळण्याहून शंभरपट कामाची वस्तू हातात आली असती. त्याच्या घरी चार पैसे गेले असते आणि तुम्ही काहीतरी शिकला असता.

तुम्ही वर्धा जिल्ह्यातली मुलं आहात, याची मला जास्त लाज वाटते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातच्या उद्योगातून शिक्षण द्यावं, हा नई तालीमचा विचार तिथे मांडला गेला आणि अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी, 1938 च्या डिसेंबरात, ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय वर्ध्यात उघडलं. त्या जिल्ह्यातल्या, बारावी झालेल्या मुलांना सहाणेवर धार लावता येऊ नये? तुमच्या आया विळीवर रोज भाजी चिरतात. तुमचे बाप सोयाबीन सोंगायला विळा हातात घेतात तेव्हा आधी बोटाच्या नखावर धार पाहतात. घरात एवढं ज्ञान उभं असताना तुम्ही ते दूरच्या माणसाच्या व्हिडिओत शोधता.

धार लावणं आत्ता शिका. सहाण ओली करा, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. पातं सहाणेवर सपाट टेकवा, मग पाठ थोडी उचला, साधारण 20 अंश. हा कोन शेवटपर्यंत बदलायचा नाही. सगळं कसब यातच आहे. सहाणेवरून पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा रीतीने धार पुढे ढकला, बुडापासून टोकापर्यंत, आणि टोकाशी येताना मनगट किंचित उचला. काही वेळाने दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवा, धारेच्या लांबीने कधीच नाही. पूर्ण धारेवर बारीक खरखर लागली म्हणजे ती बाजू झाली. बाजू बदला. शेवटी ती खरखर हलक्या हाताने, आलटून पालटून काढून टाका आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने ओढा. मशीनच्या चाकावर नेऊ नका. ठिणग्या उडतात ते पाहायला बरं वाटतं, पण धार तिथे निळी पडली की पाणी उतरलं, आणि ते सहाणेने परत येत नाही.

आता बोर. तुम्ही तिथे जाणार नाही. बोर 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 31 सांगतं, की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचं नाव घेऊन सांगितलं आहे. तिथे सुरी लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही. परवानगीविना आत शिरणं कलम 27 च्या आड येतं, आग लावणं कलम 30 च्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. ‘आम्ही शिकार थोडीच करणार आहोत’ हे उत्तर वनरक्षकाला देऊ नका. वाघाच्या जंगलात रात्री सुरी घेऊन फिरणाऱ्याचा हेतू तपासत बसणं हे त्याचं काम नाही. जंगल पाहायचं असेल तर दिवसा, रीतसर तिकीट काढून, गाईडसोबत गाडीत बसून पाहा.

बसस्टँडवरचे फोटोही आजच काढून टाका. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेल्यांना सूट आहे. तुमची सुरी वितीहून लांब आहे आणि ती ना घरच्या कामाची आहे ना शेतीच्या. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी लहान सुरीसुद्धा बाळगता येत नाही. एक गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो निघतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे तुमच्यात आहेत. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मुक्काम करायचाच आहे ना? वावरात करा. तुमचे काके रानडुकरांपायी थंडीत जागलीला जातात, त्यांच्यासोबत एक रात्र बसा. जाळायला तुराट्या आणि पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवलेल्या आहेत, भाजायला गोवऱ्या आहेत, जागा तुमच्या हक्काची आहे. सुरीचं सगळं काम तिथे निघतं. काम करताना आपल्या हाताच्या टप्प्यात दुसरा कोणी नको. मांडीवर लाकूड ठेवून कापायचं नाही. मांडीच्या आतल्या अंगाला मोठी धमनी आहे, ती कापली तर दवाखान्यापर्यंत माणूस पोचत नाही. देताना मूठ समोरच्याच्या हाताकडे. काम संपलं की पुसून म्यानात. जमिनीत खुपसून ठेवायची नाही, झाडात तर नाहीच.

येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी शाळेच्या मागच्या आवारात यायचं. त्या काळ्या सुऱ्या घरी पालकांच्या ताब्यात देऊन यायचं. येताना घरातली बोथट झालेली विळी किंवा भाजीची सुरी आणि एक सहाण आणायची. जो ती माझ्यासमोर धारेवर आणून कागद सरळ चिरून दाखवेल, त्याला मी खात्याकडे नेईन आणि पहिल्या सुरीचं माप मी स्वतः सांगेन. ज्याला जमणार नाही, त्याने जमेपर्यंत दर रविवारी यायचं.