आसन की प्रवास?

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेल्या आमच्या गौतमपुऱ्यातील घरांना आता लेकीसुनांकडे इंदूरहून विमानाने जाणे नवलाचे राहिलेले नाही. विमानातील सामान्य आसनाची रुंदी मात्र 17-18 इंचच. स्थूल व्यक्ती त्यात खुर्चीच्या दोन हातांमध्ये अडकते. कमरेचा पट्टा पुरला नाही तर जोडपट्टा मागायचा, तोही सर्वांदेखत. या संकोचापायी जाणेच टाळणारी वडीलधारी माणसे असतात.

विमान कंपनी विकते काय, आसन की प्रवास? आसन विकत असेल, तर दोन आसनांचे दुप्पट मोल न्याय्य ठरते. 2013 साली सामोआ एअरने तर माणसे तोलूनच भाडे आकारले! कॅनडाच्या वाहतूक प्राधिकरणाने मात्र 2008 साली, स्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्यांना देशांतर्गत प्रवासात जादा आसनाचे भाडे लावू नये, असा आदेश तेथील मोठ्या कंपन्यांना दिला. आम्हांस हेच पटते. तिकीट प्रवासाचे असते.

शेजाऱ्यानेही पूर्ण पैसे मोजलेले असतात, हे खरेच. पंगतीत जाड पाहुणा आला की दोहोंकडची मंडळी पाट सरकवून घेत. विमानातले आसन खिळलेले. तेथे शेजाऱ्याच्या सौजन्यावर भिस्त ठेवणे म्हणजे कंपनीचे ओझे त्याच्या मांडीवर टाकणे होय. तो खर्च सर्व तिकिटांवर थोडाथोडा वाटावा. आणि जागा किती लागेल हे तिकीट काढतानाच विचारावे, विमानाच्या दारात नव्हे.