चिमणीचे घर : दया की देणे?



सुट्टीत आपल्या धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांनी चिमण्यांसाठी लाकडी पेट्या केल्या. भोक सव्वा इंचाचे, कारण त्याहून मोठे असले तर साळुंकी घुसते. भोकाखाली काठी लावली नाही. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते. ‘मुलांनी किती दया दाखवली!’ असे आपण मोठे म्हणालो.

खरेच दया? कौलारू घरांत वाशांच्या सांदीत चिमणी न विचारता राहत होती. आपण कौले उतरवून स्लॅब घातला. सभागृहाची डागडुजी करताना सांदी बुजवल्या, तेव्हा आत कोणी आहे का, हे आपण पाहिलेही नाही. ज्याचे घर घेतले त्याला पेटी देणे, हे दान की परतफेड?

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, ते मुख्यतः त्याने माणूस माणसांशीही क्रूर होईल म्हणून. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीचा २४१६ वा परिच्छेद मात्र म्हणतो की, मायेची वागणूक आपण त्यांना देणे लागतो. हा शब्द अडचणीचा आहे. दान केव्हाही थांबवता येते.

शिवाय चिमणीची पिल्ले मुख्यतः किड्यांवर वाढतात. वाडीत फवारणी चालूच ठेवून अंगणात पेटी टांगली, तर व्याज फिटेल, मुद्दल तसेच राहील.

मुलांच्या पेट्या अजून रिकाम्या आहेत. सभागृहाच्या पन्हळीजवळ एक सांद बुजवायची राहिली होती, तिथे मात्र गवताच्या काड्या दिसू लागल्या आहेत. मिस्त्रीला तूर्त थांबायला सांगितले आहे.